फॅमिली रूममधली मिसळ

कागलच्या एका बाईनं मला खादाड म्हटलं, त्याला आता इतकी वर्षं झाली की ती बाई जाऊनही बराच काळ लोटला असेल. माझा राग मात्र जागेवर आहे. वय झालं की माणूस विसरतं, मनानं मोकळं होतं, असं लोक म्हणतात. माझे गुडघे गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू झाला, पण ते मोकळं होणं काही झालं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. नटवून लिहिणं मला येत नाही, तेव्हा घडलं तसं लिहिते.

आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत राहायचो. आबा म्हणजे माझे वडील गुळाच्या बाजारात तोलार होते. आलेला गूळ काट्यावर घालायचा आणि वजन ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. घर एका खोलीचं आणि दारासमोर सगळ्या ओळीचे संडास. आबांना विडी नाही, तंबाखू नाही. शौक एकच, रविवारी सकाळची मिसळ. गल्लीच्या तोंडाशी हॉटेल होतं, तिथून ती आणायचं काम माझं. बायका तेव्हा हॉटेलात बसत नसत, पण पोरीनं डबा आणि किटली घेऊन गल्ल्यापाशी उभं राहायला कुणाची हरकत नसायची. डब्यात मिसळ आणि किटलीत कट.

कट म्हणजे मिसळीवर ओतायचा लाल, तिखट रस्सा. कोल्हापुरात तो मागाल तेवढा मिळतो. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि मागायला कुणी लाजतही नाही. अर्धं हॉटेल सारखं "कट आणा, कट आणा" ओरडत असतं. माझं डोकं गल्ल्याच्या वर यायचं नाही, म्हणून मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडायची. मालक म्हणायचा, "आली बघा तोलाराची पोरगी, बाजाराचा आवाज घेऊन आली." घरी आले की मिसळ आबांना आणि दोन्ही भावांना. आई आणि मी कटात भाकरी बुडवून खायचो. आमच्यात ते असंच होतं, त्याचं मला तेव्हा काही वाटायचं नाही. पण मिसळीची भरली बशी माझ्या पुढ्यात एकदाही आली नव्हती, हे लक्षात ठेवा.

मला सतरावं लागलं तेव्हा त्या हॉटेलच्या मालकानं हॉटेलचा कायापालट केला. लाकडी बाकडी गेली, संगमरवरी टेबलं आली. भिंतीला आरसे लावले, वर पंखे गरगरायला लागले. आणि मागच्या बाजूला प्लायवूडचे आडोसे घालून फॅमिली रूम काढल्या. एकेका रूमला हिरवा पडदा. आमच्या भागात असलं काही पहिल्यांदाच झालं होतं. लोक जेवायला कमी आणि बघायला जास्त जायचे. आबा घरी येऊन सांगायचे, "खाली मान घातली तर टेबलात तोंड दिसतंय."

त्याच दिवसांत मला कागलचं स्थळ आलं. मुलगा कोर्टात कारकून, आई विधवा, घर स्वतःचं, मागं थोडी शेती. तोलाराच्या पोरीला हे स्थळ म्हणजे मोठंच. मध्यस्थ आमच्याच गल्लीतले होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मुलीला बघायला येतो म्हणून कागलहून निरोप आला आणि आबांच्या डोक्यात हॉटेल शिरलं.

आई म्हणाली, "मुलगी घरात बघत्यात. हॉटेलात काय बघायचं?"

"घरात काय दावू? संडास?" आबा म्हणाले. "कोर्टातला मुलगा हाय. फॅमिली रूममध्ये बसवतो. पंख्याखाली."

 आईच्या नेसायच्या लुगड्यांतलं चांगलं एकच होतं, ते मला नेसवलं, त्यामुळं ती स्वतः आली नाही. निघताना माझी वेणी घालत म्हणाली, "पुढं काय बी येऊ दे, खायचं न्हाय. दोन दाणं तोंडात टाकायचं आणि बशी सारायची. खाली बघायचं." सकाळपासून तिनं मला घोटभर चहाशिवाय काही दिलं नव्हतं. पोट दिसायला नको म्हणाली.

फॅमिली रूममध्ये एका बाजूला मुलगा, त्याची आई आणि एक चुलते बसले. दुसऱ्या बाजूला मी, आबा आणि मध्यस्थ मामा. मुलाच्या आईनं मला नाव, शाळा, भाकरी येते का, शिवण येतं का, असं सगळं विचारलं. मी खाली बघून उत्तरं दिली. टेबलात माझं तोंड खरंच दिसत होतं. मग बशा आल्या. मटकी, वर शेव, बारीक कांदा, लिंबाची फोड, बाजूला पावाचे तुकडे आणि वर लालभडक कट. माझ्यापुढं एक अख्खी बशी. 

आबा म्हणाले, "खा गं, गार हुतीया."

आईनं सांगितलं होतं खाऊ नको. आबा म्हणाले खा. बाप शेजारी बसला होता आणि मिसळ समोर होती. मी खाल्लं.

खाताना मी कुणाकडं बघितलं नाही. कट शेवेत मुरला, बशी कोरडी पडली आणि पाव अजून शिल्लक होता. तेव्हा माझ्या तोंडातून लहानपणापासून जे यायचं तेच आलं. तेही त्याच आवाजात.

"कट आणा!"

पडद्यापलीकडं सगळं हॉटेल एकदम हसलं. कुणीतरी ओरडलं, "आत पावण्यास्नी कट द्या की!" वेटरनं पडद्याच्या फटीतून किटली आत घातली. मुलगा हसला. आबासुद्धा हसले, पोट धरून हसले. मुलाच्या आईनं पदर ओठांवर घेतला आणि ती माझ्या हाताकडं बघत राहिली. मी कट ओतून घेतला आणि राहिलेला पाव संपवला. आता निम्म्यात काय ठेवायचं?

दुसऱ्या दिवशी मामा निरोप घेऊन आले. मी नळावर पाणी भरत होते, ओळीतल्या सगळ्या बायका तिथंच होत्या. मामांनी घरात येऊन सांगायची तसदीसुद्धा घेतली नाही. "न्हाय म्हणालीत. मुलगी खादाड हाय म्हणाली आई. असलं तोंड घरात आणलं तर धान्याची कणगी पुरायची न्हाय म्हणाली."

झालं. त्या दिवसापासून मी गल्लीत कटवाली झाले. मी दिसले की पानाच्या ठेल्यावरून कुणीतरी ओरडायचं, "कट आणा!" बाजारात आबांनाही तेच. ते काट्यावर वजन ओरडायला लागले की मागून हमाल ओरडायचे, "कट आणा!"  आणि रविवारची मिसळ बंद झाली. डबा फळीवर उपडा घातला तो तसाच राहिला. भावांनी एकदा विषय काढला तर म्हणाले, "पोटाला झेपत न्हाय आता." रोज तिखट झुणका खाणाऱ्या माणसाच्या पोटाला काय झालं होतं? मला कळत होतं. मुलीला खा म्हणालो आणि वर हसलो, हे त्यांच्या घशात अडकलं होतं.

मला खादाड म्हटलं ते मी एक वेळ पचवलं असतं. आबांची मिसळ बंद केली ते नाही.

पुढं माझं लग्न एस.टी.तल्या कंडक्टरशी झालं. वयानं बरेच मोठे, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. कटवालीला कुमार मुलगा कुठून मिळणार? पण माणूस चांगला निघाला. त्यात कागलवाल्यांचं काही श्रेय नाही. ह्यांना बाहेर खायची आवड होती आणि बायको समोर बसून खाते ह्याची लाज नव्हती. पगार झाला की आम्ही जायचो. उडप्याचा डोसा पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं, माणूस बुटाच्या कातड्याची सुरळी करून बशीत ठेवतो की काय. मग पंजाबी आलं. नव्या नव्या हॉटेलांत झाडांना रंगीत दिवे, टेबलावर प्लॅस्टिकची फुलं आणि हातात पुठ्ठ्याचं मेनू कार्ड. मी सगळं खाल्लं. माझं मत विचाराल तर त्या पंजाबी भाज्यांची चव एकच असते, नुसती नावं वेगळी. पण गार हवेत खुर्चीवर बसायचं, कुणीतरी गरम गरम आणून पुढ्यात ठेवायचं आणि ताट उचलून न्यायचं, हे बाईला कुठल्याही भाजीपेक्षा गोड लागतं. मी फॅमिली रूममध्ये कधी बसले नाही. वेटर म्हणायचे, "बाई, आत जागा हाय." मी म्हणायची, "असू दे, मला वारं लागतंय बाहेर."

फक्त गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्या एका हॉटेलात गेले नाही. ह्यांनी कारण विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सोड की. त्यांनी न्हाय म्हटलं म्हणून तर मला मिळालीस." मी म्हटलं, "तुमचं भलं झालं म्हणून माझा राग जायचा का?"

आमचा मुलगा मोठा झाला, आय.टी.आय. केलं आणि फाउंड्रीत लागला. पगार नियमित, स्वभावानं थट्टेखोर. मुली सांगून यायला लागल्या. एक दिवस एक मध्यस्थ बाई कागलचं स्थळ घेऊन आल्या. मुलगी बी.कॉम., टायपिंग येतं. वडील कोर्टात हेडक्लार्क. घरात आज्जी आहे, अजून खणखणीत. "आज्जीचा फार दरारा बघा," त्या म्हणाल्या. "पोरीस्नी काय वळण लावलंय!"

मी वडिलांचं नाव विचारलं. तेच.

मला बघून गेलेला तोच कारकून. माझ्या हातात चहाची कपबशी होती. ती मी सावकाश खाली ठेवली आणि म्हटलं, "बघूया की. पण बघायचं हॉटेलात. आता पद्धत हाय तशी." आणि तेच हॉटेल सांगितलं.

पोरीचा ह्यात काय दोष, असं मनात आलं. नाही असं नाही. मग माझा तरी काय दोष होता, हेही आलं. मी ह्यांना काही बोलले नाही, त्यांची त्या दिवशी ड्यूटी होती. मुलालाही बोलले नाही. आबांना मात्र बरोबर घेतलं. आबा तेव्हा पार थकले होते, बाजार सुटला होता, कानांना कमी ऐकू यायचं. हॉटेलच्या पायरीशी आल्यावर त्यांनी काठी टेकली आणि थांबले.

"हितं कशाला आणलंस?"

"नातवाला मुलगी बघायचीया."

"घरात बघा की. तुझ्या दारात कुठं संडास हाय?"

"मला हितंच बघायचीया आबा. चला."

जुन्या मालकाच्या मुलांनी हॉटेल पुन्हा नवं केलं होतं. बाहेर अजून मिसळ मिळायची, पण आतला भाग पंजाबी झाला होता. हिरवे पडदे गेले होते, रेक्झिनच्या खुर्च्या होत्या आणि रूमला काचेचं दार. कागलची माणसं आधीच येऊन बसली होती. तो, त्याची आई आणि मधे मुलगी. मुलीची आई घरीच राहिली होती. तो जाडा झाला होता, डोक्यावर केस राहिले नव्हते. म्हातारी मात्र तशीच. तोच पदर, तेच बघणं. तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ओळखलं नाही. त्यानंही नाही. मी ज्यांच्यावर इतकी वर्षं दात धरून बसले होते, त्यांच्या लेखी मी कुणीच नव्हते. मला वाटलं होतं मला बघून त्यांचा चेहरा पडेल. मग पाडायलाच पाहिजे होता.

हेडक्लार्कांनी मेनू कार्ड लांब धरून वाचायला घेतलं. "पनीर मटर... व्हेज जयपुरी... व्हेज कोल्हापुरी..."

"ही कंची भाजी म्हणायची?" म्हातारीनं विचारलं.

माझा मुलगा म्हणाला, "आज्जी, ती कोल्हापुरात कुणीच खात न्हाय. लांबनं आलेल्या पावण्यास्नी फसवायला ठेवलीया."

मुलीनं खाली बघतच ओठ दाबून हसू आवरलं. माझ्या मुलाला ते दिसलं. मलाही दिसलं.

मी कार्ड मिटलं आणि वेटरला म्हटलं, "सगळ्यांना मिसळ."

वेटर मिशावाला, पोक्त माणूस होता. "बाई, मिसळ भाईर. आत पंजाबी."

"मग भाईरची आत आणा. पाय हाईत न्हवं तुम्हाला?"

मिसळ येईपर्यंत म्हातारीनं मला मुलाचा पगार, घर, दीर-नणंदा सगळं विचारून घेतलं. मी नीट उत्तरं दिली. बशा आल्या. मी खायला सुरुवात केली. मुलगा खायला लागला, हेडक्लार्क खायला लागले. आबांनी चमच्याला हात लावला नाही, काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. आणि मुलगीपण तशीच, हात मांडीवर, नजर बशीत. ती आवंढे गिळताना मला दिसत होती.

मी बशी कोरडी होऊ दिली. मग मान वर केली आणि हाक दिली.

"कट आणा!"

माझा आवाज गेला नव्हता. काचेचं दार बंद असूनसुद्धा बाहेरच्या माणसांनी माना वळवल्या. हेडक्लार्कांचा चमचा तोंडाजवळ थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आबांच्याकडं, मग पुन्हा माझ्याकडं. त्यांचा चेहरा पडला. एक झालं.

म्हातारी मात्र म्हणाली, "भूक चांगली हाय की तुमची."

"व्हय," मी म्हटलं, "लई जुनी हाय. तुमची नात खात न्हाय वाटतं?"

"आमच्यात पोरी चार माणसांत खात न्हाईत. वळण हाय आमच्यात."

"मग आमच्यात चालायची न्हाय."

"काय?"

"चालायची न्हाय म्हटलं. आम्हाला खाणारी पायजे. आमची कणगी मोठी हाय." मी चमचा खाली ठेवला. "तुम्ही मला हितंच बघितलंत. ह्याच हॉटेलात, हिरव्या पडद्यामागं. शाहूपुरीतल्या तोलाराची मुलगी. खादाड म्हणालात. नळावर, सगळ्या बायकांसमोर निरोप धाडलात. मी निरोप धाडत न्हाय. तोंडावर सांगाय आलीया. तुमची नात नापसंत हाय."

म्हातारी भुवया वर करून बघत राहिली. मग मुलाकडं वळून म्हणाली, "कोण रं ह्या? मला तर कायच आठवत न्हाय बाई."

तिला खरंच आठवत नव्हतं की आठवून ती तसं म्हणाली, हे मला आजही कळलेलं नाही. दोन्हीतलं काहीही असलं तरी मी तिला सोडलेलं नाही.

हेडक्लार्क बशीत बघत म्हणाले, "मला आठवतंय. मी तवा कायच बोललो न्हाय."

"आजबी बोलू नगा. मिसळ गार हुतीया."

माझा मुलगा, "आई, हे काय चाललंय?" म्हणाला.  मी मुलीकडं बघत होते. आता ही रडेल, पदर डोळ्यांना लावेल, मग म्हातारी उठेल आणि मी शांतपणे हात धुवायला जाईन, असं मी मनात ठरवलं होतं. ती रडली नाही. तिनं साडीचा पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला, बशी जवळ ओढली, लिंबू पिळलं आणि पाव मोडला. दोन-चार घास घेतले आणि दाराकडं तोंड करून ओरडली.

"ओ मामा, कट आणा हिकडं! भरून आणा!"

आवाज माझ्याएवढा नव्हता, पण होता.

"अगं ए!" म्हातारी म्हणाली. "लाज हाय का?"

"सकाळपासनं उपाशी हाय मी आज्जी. पोट दिसंल म्हणून चहाबरोबर पाव सुदीक दिला न्हाईस. आता ह्यास्नी पसंत न्हाय म्हटल्यावर कुणासाठी उपाशी बसू?" मग ती माझ्याकडं वळली. "आणि तुम्ही मला बघाय आलाच न्हवता. माझ्या आज्जीला बघाय आलता. बघितली न्हवं? मग आता मला खाऊ द्या."

वेटर किटली घेऊन आला. तिनं बशी भरून घेतली. म्हातारीचा चेहरा मी तेव्हा बघितला आणि पोटभर बघितला. तिनं जन्मभर लावलेलं वळण तिच्या शेजारी बसून कटात पाव बुडवत होतं आणि काचेपलीकडं माणसं हसत होती. मी जे उट्टं काढायला आले होते ते मला जमलं नव्हतं. ते तिच्याच नातीनं काढलं. कुणी का काढेना, निघालं.

वेटर किटली घेऊन वळला तेवढ्यात आबांनी काठी बाजूला ठेवली आणि बशी पुढं सरकवली.

"हिकडंबी घाला जरा."

आबा खायला लागले. म्हातारपणी दात कमी, त्यामुळं पाव कटात चांगला भिजवून खात होते. डोळ्यांतून, नाकातून पाणी यायला लागलं, ते धोतराच्या सोग्यानं पुसत होते.  मुलगी आणि आबा समोरासमोर बसून खात राहिले. बशी संपल्यावर आबा तिला म्हणाले, "पूर्वीसारखी न्हाय. तिखट कमी केलंय."

"व्हय की आजोबा," ती म्हणाली. "आमच्या कागलात ह्याच्यापेक्षा बरी मिळतीया."

म्हातारी उठून निघून गेली. हेडक्लार्क तिच्या मागं गेले. मुलगी सगळ्यांत शेवटी उठली. हात धुतले, आबांच्या पाया पडली. माझ्या पडली नाही.

 घरी दारात आल्यावर मुलगा म्हणाला, "आई, मला ती पसंत हाय."

"मी नापसंत म्हणून सांगितलंय."

"तू तिच्या आज्जीला सांगितलंस. मला कुणी विचारलंय का? तुझं भांडण तू भांडलीस, आता माझं लग्न मला करू दे."

मी चार दिवस ऐकलं नाही. ह्यांना सगळं कळलं तेव्हा म्हणाले, "तुला खाणारी पायजे हुती न्हवं? मिळाली की." शेवटी मीच मध्यस्थ बाईंना बोलावलं आणि कागलला पाठवलं. सोपं नव्हतं ते. ज्या घराचं तोंड काळं करायला गेले होते, त्याच घराच्या दारात मागणं घालायचं.

बाई संध्याकाळी परत आल्या. आमच्या घरात येऊन, दार लावून, खालच्या आवाजात बोलल्या, एवढं चांगलं केलं. म्हणाल्या, "घरचं तयार झालं असतं हो. वडील तर हात जोडून तयार हुते. पण मुलगीच न्हाय म्हणतीया. म्हणाली, त्या घरात पोटाला मिळंल, पण दर घासाला माझ्या आज्जीची गोष्ट ऐकायला लागंल. मला नगो."

कागलच्या त्या घरानं मला दुसऱ्यांदा नापसंत केलं.

मला त्या पोरीचा राग आला. खूप आला. माझ्या मुलानं मला कितीतरी दिवस धड हाक मारली नाही, त्याचाही आला. पुढं त्याचं लग्न झालं, सून चांगली आहे, खाते व्यवस्थित. तरी रागावला की मुलगा अजून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून "कट आणा" म्हणतो आणि मी त्याला उलथनं दाखवते. मी त्या दिवशी केलं ते बरंच केलं असं मला आजही वाटतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन, फक्त मुलाला बरोबर नेणार नाही.

निरोप आला त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी आबा आपणहून काठी घेऊन माझ्या दारात येऊन उभे राहिले. कुठं निघालात म्हणून विचारलं तर म्हणाले, "चल की." आम्ही त्याच हॉटेलात गेलो. वेटर तोच मिशावाला. आत फॅमिली रूम मोकळी आहे म्हणाला. आम्ही बाहेर, सगळ्यांच्या मधे, पंख्याखालच्या टेबलाला बसलो. मिसळ आली. आबांच्या कानाशी तोंड नेऊन मी मुलीनं काय निरोप धाडला तो सांगितला, शब्दाला शब्द. वाटलं, बाप आहे, माझ्या बाजूनं दोन शिव्या तरी देतील.

आबांनी पाव मोडला, कटात बुडवला आणि म्हणाले, "बरोबर बोलली पोरगी."

"गप खावा," मी म्हटलं, आणि वेटरला हाक मारली.